एस कॉम्बॅट ७ घ्यावा का? लॅपटॉप साधा, हौस दांडगी

गच्चीवरची
नागपूरला सोनेगावच्या बाजूला राहते. दिवसभर डोक्यावरून विमानं जातात, पण ती प्रवासी, नाहीतर वायुसेनेची मालवाहू. २०२२ च्या एअर फेस्टला वायुसेनानगरात सूर्यकिरण या कसरती पथकाची हॉक विमानं पाहिली आणि तेव्हापासून हे वेड लागलंय. आता ऑफिसमधल्या एका मुलानं फोनवर 'एस कॉम्बॅट ७' या लढाऊ विमानांच्या गेमचा व्हिडिओ दाखवला. विमान ढगातून बाहेर येतं, काचेवरचे थेंब मागे पळतात आणि पाठीमागे कोरस चाललेला. मी तिथंच खल्लास.

तर घ्यावा का? गेमिंगचा माझा अनुभव म्हणजे मोबाईलवर रंगीत गोळ्या फोडणे. लॅपटॉप आय-५ आहे, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, रॅम ८ जीबी. जॉयस्टिक नाही आणि घेणारही नाही, घरात आधीच "या वयात?" सुरू आहे. गेम २०१९ चा म्हणतात, मग आता शिळा झाला असेल का? आणि लोक 'आर्केड, आर्केड' म्हणून नाक मुरडतात ते नेमकं कशासाठी? शिवाय मे महिन्यात अमरावतीहून भाचा येतोय, वय अकरा. त्याच्यासमोर खेळता येईल असा आहे का?

बर्डीचा_बादशहा
ताई, घेऊन टाका. विचार काय करून राहिल्या!

मी या मालिकेवर लहानपणापासून फिदा आहे. प्लेस्टेशन २ वर चौथा (२००१), पाचवा (२००४), मग झीरो (२००६), हे तिन्ही बर्डीतल्या (सीताबर्डीच्या) एका गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजून खेळलो. सातवा आला तेव्हा तर सुट्टीच टाकली होती. शिळा-बिळा काही नाही. ढग आजही असे दिसतात का नवीन गेमवाले पाहत राहतील. वीस मिशन आहेत, कथा आहे, आणि म्युझिक असं का हेडफोन घालूनच खेळा. शेवटच्या मिशनमध्ये काय होते ते सांगत नाही, पण मी खुर्चीतून उभा राहिलो होतो एवढं सांगतो.

आर्केड म्हणजे काय, तर उडवायला मॅन्युअल वाचावं लागत नाही. बस.

स्विचमोजणी
बादशहा भाऊंच्या उत्साहाला नमस्कार, पण ताईंना पूर्ण चित्र मिळायला हवं. मी डीसीएस वर्ल्ड खेळतो, म्हणजे खऱ्या विमानासारखं सगळं हातानं करायला लावणारा सिम्युलेटर, त्यामुळे माझा कल कुठं आहे ते आधीच सांगून ठेवतो.

एस कॉम्बॅटमध्ये तुमचं एफ-१६ पन्नासहून जास्त मिसाईल घेऊन उडतं. खऱ्या एफ-१६ च्या पंखाखाली तेवढी टांगायला जागाच नाही. आपल्या सुखोई-३० ला, जे त्याहून कितीतरी मोठं विमान आहे, बारा हार्डपॉइंट, म्हणजे शस्त्रं टांगायच्या जागा, आहेत. गेममध्ये डागलेलं मिसाईल दोन-चार सेकंदांत पंखाखाली पुन्हा हजर होतं. इंधन संपत नाही. वैमानिक कितीही जोरात वळला तरी बेशुद्ध पडत नाही. खऱ्या आयुष्यात नऊ जी म्हणजे शरीराचं वजन नऊपट; जी-सूट घालून आणि पोटाचे स्नायू आवळून माणूस तेवढं कसंबसं सोसतो.

सगळ्यात मोठा फरक अंतराचा आहे. गेममध्ये शत्रू दोन-तीन किलोमीटरवर असतो, त्याच्या शेपटीमागे लागायचं आणि मिसाईल सोडायचं. आज राफेलवरचं मेटिओर मिसाईल शंभर किलोमीटरहून लांबचं लक्ष्य गाठतं. समोरच्याचं विमान डोळ्यांना दिसण्याआधीच निकाल लागलेला असू शकतो. विमानं एकमेकांभोवती घिरट्या घालतात ते दृश्य आता फार दुर्मीळ झालंय. गेम जे विकतो आहे ते साठ-सत्तरच्या दशकातलं युद्ध, फक्त आजच्या विमानांचे कपडे घालून.

ज्यांना विमानाची खरी ओढ आहे त्यांनी डीसीएस उतरवून बघावं. मूळ गेम फुकट आहे, त्यासोबत एसयू-२५टी आणि टीएफ-५१डी ही दोन विमानंही फुकट. मिग-२१बिस विकत घेता येतं. ते सुरू करायलाच कितीतरी मिनिटं लागतात, एकेक स्विच हातानं. इंजिन धरलं की जे समाधान मिळतं ते दहा मिसाईल सोडून मिळत नाही.

बर्डीचा_बादशहा
आणि इंजिन धरेपर्यंत ताईंचा भाचा अमरावतीला परत गेलेला असतो 😄

ढगफोड
दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ताईंनी विचारलेली गोष्ट राहूनच गेली. नाक का मुरडतात, तर नियम सोपे केलेत म्हणून. माझ्या मते तिथंच गल्लत होते. गच्चीवर प्लॅस्टिकच्या बॉलनं खेळताना कोणी एलबीडब्ल्यूचा हट्ट धरत नाही, तरी मारायचा चेंडू कोणता आणि सोडायचा कोणता हे शिकावंच लागतं. या गेमचंही तसंच आहे. त्यांनी उड्डाणातलं बरंच काही गाळलंय, पण जे ठेवलंय त्यावर जीव ओतलाय. आणि ठेवलंय काय, तर आकाश.

ढग इथं नुसता पडदा नाही. आत शिरलात की मागं लागलेल्या मिसाईलला तुम्ही नीट सापडत नाही, म्हणजे लपायची जागा मिळाली. पण तुम्हालाही पुढचा दिसत नाही, तुमचाही लॉक (मिसाईलचा नेम) बसत नाही. जास्त वेळ आत राहिलात तर काचेवर आणि पंखांवर बर्फ धरायला लागतो, विमान जड होतं, वळेनासं होतं. ढगात किती वेळ काढायचा हा हिशेब प्रत्येक झुंजीत तुम्हाला स्वतःलाच करावा लागतो. सातव्या मिशनमध्ये वादळ आहे. वीज विमानावर पडली की समोरचे सगळे आकडे गडबडतात, वारा विमानाला डोंगराकडे ढकलतो, आणि नेमक्या त्याच वेळी समोर एक असा वैमानिक येतो की ज्याच्यावर तुमचं एकही मिसाईल बसत नाही. मी ते खेळलो तेव्हा बाहेर खरोखर जूनचा पहिला पाऊस चालू होता. वीज नेमकी कुठली कडाडली ते कळेना, म्हणून एकदा हेडफोन काढून बघितलं.

पुढं वाळूच्या वादळातलं एक मिशन आहे. रात्री सर्चलाइट चुकवत अरुंद दरीतून जायचं एक आहे. हे दोन्ही शिकवणीच्या परीक्षेसारखे नाहीत, मजा येते.

आता ज्याचा राग येतो ते. काही मिशनं "अमुक मिनिटांत इतके गुण मिळवा" अशी आहेत. तिथं कथा थांबते आणि नुसती गाठोडी मोजायची. ट्रक, टाक्या, पुन्हा ट्रक. दुसरं म्हणजे चेकपॉइंट, म्हणजे हरल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं त्या जागा, फार लांब लांब ठेवलेत. वीस मिनिटं खेळून शेवटी डोंगरावर आपटलात तर बरंचसं पुन्हा करावं लागतं. नवख्या माणसाला त्याचा वैताग येतो. सोपी पातळी निवडली तर हे दुखणं बरंच कमी होतं. ताईंनी लाज न बाळगता तीच निवडावी.

उमरेडरोड
मी काय म्हणतो, पैसे कशाला घालवता? वॉर थंडर फुकट आहे. विमानं आहेत, रणगाडे आहेत, जहाजं आहेत. ऑनलाइन माणसांशी खेळायला मिळते. माझा चुलत भाऊ दोन वर्षांपासून खेळून राहिला, एक रुपया टाकला नाही.

स्विचमोजणी
भाऊ, चुलत भावाला विचारा की जेटपर्यंत पोचलाय का. वॉर थंडरमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या पंखेवाल्या विमानांपासून सुरुवात होते. सुपरसॉनिक जेटपर्यंत जायला जो वेळ लागतो तो मोजला तर फुकटची किंमत कळते. ज्यांना वाट बघवत नाही त्यांच्यासाठी प्रीमियम विमानं विकायला ठेवलेलीच आहेत. गेम चांगला आहे, मी नाकारत नाही. पण ताईंना ढगातून बाहेर येणारं जेट हवंय, आणि ते एस कॉम्बॅट पहिल्याच मिशनमध्ये हातात देतो. इथं मी बादशहांच्या बाजूनं.

बर्डीचा_बादशहा
स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

गच्चीवरची
अरे वा, एवढं सगळं! ढगफोड, बर्फाचं वाचून तर आता घेतल्याशिवाय राहवणार नाही. स्विचमोजणी, तुमचं डीसीएस मी बघितलं, कॉकपिटचा फोटो बघूनच घाम फुटला. आपली विमानं आहेत का यात? तेजस वगैरे?

ढगफोड
तेजस नाही, जग्वारही नाही. पण मिग-२१बिस आहे, मिग-२९ आहे, मिराज २००० आहे. सुखोई-३० एसएम आहे, जे आपल्या एमकेआयवरूनच रशियानं स्वतःसाठी काढलं. राफेलचं नौदलाचं रूप राफेल एम आहे, ज्याच्या सव्वीस विमानांचा करार आपल्या नौदलासाठी एप्रिल २०२५ मध्ये झाला. राफेल बनवणाऱ्या दसॉ कंपनीचा भागीदारीतला कारखाना आपल्याच मिहान उद्योग वसाहतीत आहे, तिथं फाल्कन जेटचे भाग बनतात. रंग मात्र गेममधल्या काल्पनिक देशांचे असतात. तिरंग्याचं चक्र तुम्हाला दिसणार नाही.

निवृत्त_फिटर
नमस्कार. मी इथं सहसा वाचतो, लिहीत नाही. वायुसेनेत इंजिन फिटर होतो. बरीच वर्षं मिगवर काढली, शेवटची काही ओझरच्या ११ बीआरडी या दुरुस्ती केंद्रात. आता मनीषनगरात राहतो. नातवानं हा गेम मला खेळायला लावला, म्हणून दोन शब्द.

उडवण्याबद्दल मी बोलणार नाही, मी कधी उडवलंच नाही. आम्ही खालची माणसं. नागपूरला मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. देशभरातली दुरुस्ती केंद्रं याच शहरातून चालतात हे इथल्याच बऱ्याच लोकांना माहीत नसतं. वायुसेना म्हटलं की वैमानिक, एवढंच सगळ्यांच्या डोळ्यांपुढं येतं.

या गेममध्ये मिशन संपलं की विमान नव्यासारखं. मला तिथंच हसू आलं. मिग-२१ उतरलं की मागं सोडलेलं पॅराशूट गोळा करायचं, नवीन घडी घालून बसवायचं, टायर बघायचे, इंजिनच्या तोंडात टॉर्च मारून पात्यांना ओरखडा आहे का ते बघायचं. धावपट्टीवरून आम्ही रांगेनं चालत खडे वेचायचो, कारण एक खडा आत ओढला गेला तर इंजिन गेलं. मिग-२९ ला तर जमिनीवर असताना हवा घेण्याचं मुख्य तोंड बंद करायची सोय आहे, वरच्या बाजूच्या फटींमधून हवा घेतं, ते या खड्यांपायीच. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याची जागा आखलेली असते. संध्याकाळी एक पाना जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान उडत नाही. रात्री अकरा वाजता बॅटरी घेऊन पाना शोधलेला आहे.

हे यातलं काहीच गेममध्ये नाही, आणि असायची गरजही नाही. पण एक गोष्ट सांगतो, त्यासाठी मी हे लिहायला बसलो. याची कथा पुष्कळशी एका पोरीच्या तोंडून येते. एव्ह्रिल तिचं नाव. ती वैमानिक म्हणून लढत नाही, मेकॅनिक आहे. आजोबा आणि त्यांच्या मित्रांसोबत तिनं भंगारातून जुनं एफ-१०४ उभं केलेलं. युद्ध सुरू होतं तेव्हा ती ते घेऊन उडते आणि थेट कैदेत पोचते. मग तिला एका अशा तळावर पाठवतात जिथं कैद्यांना ठेवलंय. शत्रूला फसवायला तिथं खोटी विमानं मांडून ठेवलीत, आणि मोडक्या विमानांतून उडण्याजोगी विमानं जुळवणं हे तिचं काम. पुढं खेळणाऱ्याचं पात्रही तिथंच येऊन पडतं.

गेमवाल्यांनी कथेचा एवढा मोठा भाग मेकॅनिकच्या हातात दिलाय हे बघून मला बरं वाटलं. तिचे हात काळे आहेत, ती वैमानिकांवर खेकसते, आणि विमान परत आलं की आधी विमान बघते. आमच्याकडंही असंच होतं. वैमानिक साहेब उतरून हसत काहीतरी सांगत असायचे आणि आमची नजर मागं, धूर कुठल्या रंगाचा निघतोय त्यावर.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला, तो मी टीव्हीवर बघितला. त्यानंतर नातू म्हणाला, आजोबा, तुमचं विमान यात आहे. मी त्याला तेच घ्यायला लावलं. तो म्हणतो हळू आहे, मिसाईल कमी आहेत, चांगलं नाही. मी म्हटलं, चालव.

घ्या बाई, घ्यायला हरकत नाही.

गच्चीवरची
काका, तुम्ही हे लिहिलंत म्हणून खूप आभार. मी एवढी वर्षं सोनेगावात राहते आणि मेंटेनन्स कमांडची पाटी रोज बघते, पण आत काय चालतं याचा कधी विचारच केला नव्हता. नातवाला सांगा, मीपण आधी मिग-२१ च घेणार.

पेठेतून_बदली
पुण्याला लोहगावला सुखोई रोज घरावरून जातात, त्यासाठी गेम घ्यावा लागत नाही.

बर्डीचा_बादशहा
आले बाप्पा. तरी म्हटलं एवढा वेळ झाला, पुण्याचं नाव कसं नाही आलं.

दोन_पोरांची_आई
भाच्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहिते. माझा मोठा बारा वर्षांचा आहे आणि खेळतो. अमेरिकेचं मानांकन 'टीन' आहे, म्हणजे तेरा आणि पुढं. युरोपचं बारा. रक्त दिसत नाही. विमान फुटतं, धूर होतो, माणूस दिसत नाही. त्या बाबतीत मला आक्षेप नाही.

माझी अडचण वेगळी होती. रेडिओवर सतत बोलणं चालू असतं आणि त्यात अधूनमधून शिव्या आहेत. हिंदी-मराठी काही नाही. बोलणं इंग्रजीत किंवा जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं. माझ्या मुलाला राजकारणाचा भाग अजिबात कळत नाही. कोण ओशिया, कोण एरुसिया, कुणी कुणावर हल्ला केला, तो विचारत बसतो. मी सांगितलं, दोन्ही बाजूंना चांगली माणसं आहेत आणि दोन्हीकडं मूर्खही आहेत, आणि कथा नेमकी तेच सांगते. ड्रोन माणसांऐवजी लढायला लागले तर काय, हा प्रश्न त्यात बऱ्यापैकी सरळ येतो. जेवताना तो त्यावर बोलला, हे मला मोबाईलवरच्या इतर गेमपेक्षा बरं वाटलं. अकरा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून खेळा, एकट्याला देऊ नका एवढंच.

मोबाईलवर काही हवं असेल तर वायुसेनेचा स्वतःचा गेम आहे. २०१४ मध्ये आला, २०१९ मध्ये नवीन रूपात. फुकट आहे, आणि मुलांना आपली विमानं दिसतात.

नको_रे_बाबा
एक विरुद्ध मत नोंदवून ठेवतो. मी घेतला होता, अर्ध्यात सोडला. कारण वर दोन_पोरांची_आई यांनी लिहिलं तेच, रेडिओवरचं सततचं बोलणं. चार विमानं मागं लागलेली असतात, मिसाईलचा बझर वाजत असतो, आणि त्याच वेळी खाली इंग्रजीत कथेचा महत्त्वाचा भाग सरकत असतो. वाचू की पळू? जपानी लोकांना हे कसं जमतं कोण जाणे. बोलणं सुंदर असेल, पण मला त्यातलं निम्मंच कळलं. आणि मिशनच्या आधीची लांबलचक ब्रीफिंगं. नकाशा फिरतोय, एक माणूस गंभीर आवाजात बोलतोय. मला बाहेर पडून विमान उडवायचंय!

ज्यांना कथा नको, नुसतं तासभर उडायचं आहे, त्यांनी पैसे वाचवावेत.

ढगफोड
ब्रीफिंग एका बटणानं गाळता येतं. टेकऑफ, लँडिंग आणि हवेत इंधन भरायचे तुकडेही वगळता येतात. पण रेडिओबद्दलची तक्रार मान्य. दुसऱ्यांदा खेळताना तो कळतो, आणि तेव्हा जास्त आवडतो. सगळ्यांनी दुसऱ्यांदा खेळावं असा आग्रह कोण धरणार.

खटपट्या
आता मशीनचं बघू. गप्पा खूप झाल्या.

पीसीसाठी किमान ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स ७५० टीआय सांगितलंय, शिफारस जीटीएक्स १०६० ची. तुमचं १६५० दोन्हींच्या मध्ये पडतं. १०८० पिक्सेलवर मध्यम सेटिंग ठेवून खेळा, काही अडचण नाही. ८ जीबी रॅम पुरते, पण मागं ब्राउझरचे तीस टॅब उघडे ठेवू नका. डिस्कवर ५० जीबी मोकळी लागेल. एसएसडी असेल तर तिथंच टाका, नाहीतर मिशन लोड होईपर्यंत चहा होतो.

नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉपवर गेम, हा वेगळा विषय. बाहेर पंचेचाळीस असताना खोलीत कूलर असला तरी लॅपटॉपच्या पोटात शिरणारी हवा गरमच. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो आणि मग तुम्ही गेमला शिव्या घालता. तीन गोष्टी करा. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमधून फ्रेम सेकंदाला ६० वर बांधा, त्यावर कार्ड उगाच राबत नाही. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मागची बाजू पुस्तकांवर उचला. आणि कूलरच्या झोतात ठेवू नका. त्या हवेत पाण्याचे कण असतात, पंख्याच्या जाळीवर धूळ चिखल होऊन बसते. दुपारी खेळण्यापेक्षा रात्री दहानंतर खेळा, लॅपटॉपही वाचेल आणि व्होल्टेजही स्थिर असतं.

कंट्रोलर मात्र घ्याच. किबोर्ड-माऊसवर हा गेम चालतो, पण चालतो एवढंच. विमान अर्धवट कललेलं ठेवायला काडी (कंट्रोलरवरची छोटी स्टिक) हवी, किबोर्डवर एक तर पूर्ण किंवा शून्य. एक्सबॉक्सचा साधा वायरवाला पुरे. बर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये मिळतो, पण खोक्यातून काढून दोन्ही काड्या गोल फिरवून बघा आणि मगच पैसे द्या. महागडी जॉयस्टिक या गेमसाठी अजिबात घेऊ नका. पीसीवर प्रत्येक मॉडेल नीट ओळखलं जाईलच असं नाही, आणि गेम मुळात कंट्रोलरसाठीच बनलाय.

किंमत. पूर्ण किमतीत घेऊ नका. जुना गेम आहे, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या मोठ्या सेलमध्ये भरपूर सूट मिळते. उन्हाळी सेल साधारण जूनच्या शेवटी सुरू होतो. विदर्भात शाळाही तेव्हाच उघडतात, त्यामुळे भाच्याच्या सुट्टीच्या अगदी शेपटाला मिळेल, किंवा हुकेल. थांबवत नसेल तर यादीत टाकून ठेवा, मध्येमध्येही सेल येतात. आणि हे लक्षात असू द्या: विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर स्टीम पैसे परत देतं. तुमच्या लॅपटॉपवर कसा चालतो ते बघायला दोन मिशन पुरेत.

कुठली आवृत्ती? साधी. टॉप गन: मॅव्हरिकचा विमानांचा संच २०२२ मध्ये आला, तो हौसेचा मामला. मात्र २०१९ मध्ये आलेली तीन जादा मिशनं फार चांगली आहेत. गेम आवडला तर नंतर घ्या. डिलक्समध्ये ती येतात, आणि सेलमध्ये साधा व डिलक्स यांतला फरक कधीकधी किरकोळ असतो. त्या दिवशीचा हिशेब करा.

स्विचमोजणी
खटपट्यांच्या यादीत एक भर. प्रोजेक्ट विंगमन नावाचा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला. अगदी छोट्या चमूनं, सेक्टर डी२ नं, एस कॉम्बॅटच्या प्रेमापोटीच केलेला. जॉयस्टिकला नीट जागा दिली आहे, व्हीआरमध्ये (डोळ्यांवर पडदा चढवून) पूर्ण मोहीम खेळता येते. एस कॉम्बॅटमध्ये व्हीआर होतं ते फक्त प्लेस्टेशन ४ वर आणि तिथंही मोजकी मिशनं. विंगमनमधल्या विमानांना खरी नावं नाहीत, ओळखीचीच विमानं नाव बदलून आलीत. झुंजीत शत्रू खूप जास्त असतात, कधी नुसता गोंधळ वाटतो. पहिला म्हणून एस कॉम्बॅटच घ्या. तो संपवून हात शिवशिवले तर हा.

आणि ऑनलाइन खेळायला म्हणून घेत असाल तर घेऊ नका. आठ जणांपर्यंत खेळता येतं, पण खोली भरायची वाट बघावी लागते, आणि लांबच्या खेळाडूसोबत पडलात तर मिसाईल बसलं की नाही तेच कळत नाही.

उमरेडरोड
ते सर्व ठीक आहे पण फुकट ते फुकट.

गच्चीवरची
घेतला! जूनपर्यंत थांबले नाही, मधल्याच एका सेलमध्ये डिलक्स मिळाला. कंट्रोलर बर्डीतून आणला, काड्या फिरवून बघितल्या (दुकानदार माझ्याकडं बघत राहिला). लॅपटॉपखाली 'गृहिणी मार्गदर्शक'चे जुने अंक लावलेत.

सुरुवातीलाच अडलंय. काडी वर ढकलली की विमान खाली जातं. उलटं बसवलंय का त्यांनी? आणि शत्रू एकदा मागं गेला की मला तो सापडतच नाही, नुसती गोल गोल फिरते. भाचा शेजारी बसून "मावशी डावीकडे, मावशी डावीकडे" ओरडतो, ते वेगळंच.

बर्डीचा_बादशहा
विमानाची काडी तशीच असते ताई, पुढं ढकलली का नाक खाली, मागं ओढली का नाक वर. आतापासून हीच सवय लावा. फारच त्रास झाला तर सेटिंगमध्ये उलटवता येते. पण कंट्रोल 'एक्स्पर्ट'वर ठेवा, 'स्टँडर्ड' नको. स्टँडर्डमध्ये विमान बसच्या स्टिअरिंगसारखं वळते, गोल गोल त्याच्यामुळंच होऊन राहिलं. एक्स्पर्टमध्ये आधी पंख कलवायचा, मग काडी मागं ओढायची, का झर्रकन वळते.

ढगफोड
आणि शत्रू हरवला की लक्ष्य बदलायचं बटण, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर पिवळं वाय, नुसतं दाबू नका, दाबून धरा. कॅमेरा त्याच्याकडं वळतो. तो दिसतोय त्या बाजूला पंख कलवून ओढायचं. अगदी कमी जागेत वळायचं असेल तर वेग वाढवायचं आणि कमी करायचं अशी दोन्ही ट्रिगर एकदम दाबून ओढा. वेग झपाट्यानं पडतो, त्यामुळं सारखं करू नका.

निवृत्त_फिटर
मिग-२१ घेतलंत का?

गच्चीवरची
काका, अजून एफ-१६ वरच आहे, सुरुवातीला तेच देतात. विमानं विकत घ्यायच्या झाडासारख्या यादीत मिग-२१ दिसतंय, गुण साठले की घेते. भाचा म्हणतोय थेट राफेलसाठी साठव. वाद चालू आहे.